अठ्ठेचाळीसची चिठ्ठी

माझी सून काय काम करते ते आमच्या मालकांना कळत नाही, आणि ते रोज चार माणसांना ते समजावून सांगतात. मालक म्हणजे माझे यजमान. पदवीधर, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी जेऊरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्यामुळे घरात समजावून सांगायचा मान त्यांचा आणि समजून घ्यायचं काम माझं. लग्न झाल्यापासून ही वाटणी बदललेली नाही.

मी लोकांत बोलत नाही. घरातही कमीच. वहीला काही बोलून दाखवावं लागत नाही, म्हणून जे तोंडातून निघालं नाही ते इथे लिहिते.

आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा बदलीच्या गावी असतो, रविवारी येतो, झोपतो आणि जातो. घरात आम्ही तिघं. सून आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीने तिला सहा महिने बघायला घेतलं होतं. बघून पसंत पडली तर पक्की करणार, नाहीतर नाही. आधी एकदा घरच्यांनी बघून पसंत केली, मग कंपनीने सहा महिने बघायचं. पोरींचं बघणं काही संपत नाही.

नोकरी लागली त्याच दिवशी मालकांनी जेवताना निकाल देऊन टाकला. "सहा महिन्यांत पक्की झाली तर ठीक. न्हाय झाली तर घर हाय की."

सून भात कालवत राहिली. 'घर हाय की' म्हणजे काय हे तिला कळलं होतं. मला तर दहाव्या वर्षीच कळलं होतं, तेव्हा वडील म्हणाले होते.

आता तिचं काम. ती एक लायब्ररी लिहीत होती. मालकांनी खालच्या कट्ट्यावर सांगून टाकलं की सून ग्रंथालयात आहे. ग्रंथालयात बसायला ती घराबाहेर कशी पडत नाही, हे कट्ट्यावर कुणीही विचारलं नाही. तिथले सगळेच पदवीधर. मला तिने भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, आणि एकदाच सांगितलं होतं. लायब्ररी म्हणजे करून ठेवलेला काळा मसाला. प्रत्येकीने दर वेळी धणे-खोबरं भाजत बसू नये म्हणून कुणीतरी एकदाच नीट करून ठेवायचा, आणि बाकीच्यांनी आपापल्या आमटीत चमचाभर घालायचा. तिचा मसाला फायली एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पाठवायच्या कामाचा. मसाल्यात खडा राहिला तर तो घरोघरच्या आमटीत जातो, म्हणून नीट निवडायला लागतं.

ती हे सी नावाच्या भाषेत लिहिते. या भाषेत जागा लागली तर मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच आठवणीने परत करायची. मागाहून येऊन कुणी आवरत नाही. पासवर्ड वापरून झाला की ती जागा पाटीसारखी स्वतः पुसायची, नाहीतर पुढच्याला दिसतो. मला ही भाषा आवडली. आमच्या घरात ती फक्त बायकांना लागू आहे. मालक चहाचा कप जिथे रिकामा होतो तिथेच ठेवतात, आणि तो दुपारपर्यंत तिथेच असतो.

तिच्याकडे जो भाग दिला होता तो ओळख पटवायचा. ते तिने दारावरून सांगितलं. आपल्याकडे बेल वाजते. आपण आतून 'कोण?' विचारतो. बाहेरचा म्हणतो, 'मी.' आणि आपण दार उघडतो. मी म्हटलं, व्हय की, असंच करतो. मालकांनी तर उभ्या आयुष्यात दाराबाहेरून 'मी'शिवाय दुसरा शब्द काढलेला नाही. जगात 'मी' म्हणणारे ते एकटेच आहेत अशा आवाजात म्हणतात.

कॉम्प्युटर थोडा शहाणा, तो पासवर्ड विचारतो. पण पासवर्ड सरळ सांगितला तर वाटेतला कुणीही ऐकतो. म्हणून दुसरी रीत. आतला आधी एक आकडा देतो, मनाला येईल तो. बाहेरच्याने तो आकडा आणि आपला पासवर्ड एकत्र कुटायचा आणि फक्त कूट आत पाठवायचं. आतल्याला पासवर्ड माहीत असतोच. तोही आपल्या उखळात तेच कुटतो आणि दोन्ही कूट ताडून बघतो. जुळलं की दार उघडतो. पासवर्ड रस्त्यावर येतच नाही. वाटेतल्याला कूट मिळालं तरी उपयोग नाही. शेंगदाण्याची चटणी झाल्यावर तिच्यातून शेंगदाणा कोण निवडून काढणार? आणि दर वेळी आकडा नवा, म्हणून कूटही नवं.

मला हे एवढ्यावरच कळलं. मालकांनी तीन वेळा सांगायला लावलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे ओटीपीच की."

"नाही बाबा," सून म्हणाली. "पण थोडं जवळचं आहे."

त्यांनी 'जवळचं' घेतलं आणि 'नाही' ठेवून दिलं. संध्याकाळी कट्ट्यावर ओटीपी झालं.

या कामाचे दोन भाग होते. आकडा विचारणारा आणि उत्तर देणारा. उत्तर देणारा भाग सुनेचा. आकडा विचारणारा तिच्या साहेबांनी स्वतः लिहिला होता. या साहेबांना मी कधी पाहिलं नाही, पण ओळखते. रोज दुपारी चार वाजता त्यांचा आवाज आतल्या खोलीतून येतो. प्रत्येक वाक्याच्या आधी ते 'बेसिकली' म्हणतात, आणि त्याच्यानंतर जे येतं ते कधीच सोपं नसतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की आकड्याचा भाग त्यांचा आहे, त्याला हात लावायचा नाही, त्यात त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. जी वस्तू उघडून बघायची नाही तिच्यात अनुभव ठेवला आहे असं सांगणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. एक तर घरातच आहे.

सुनेची एक सवय आहे. कॉम्प्युटरवर लिहायच्या आधी ती गोष्ट हाताने करून बघते. पाचवा महिना संपत आला तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, आई, तुम्ही सर्व्हर व्हा. सर्व्हर म्हणजे आतला, दार उघडणारा. मी स्वयंपाकघरात. ती बाहेरच्या खोलीत. मधला रस्ता म्हणून मालक. त्यांनी चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायच्या, वाटेत वाचायच्या, आणि जमलं तर चोरी करायची. चोराचं काम त्यांना आवडलं. विचार करावा लागेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

चोरायला काहीतरी पाहिजे, म्हणून मी शेंगापोळीचा डबा ओट्यावर ठेवला. मालकांना साखर आहे. शेंगापोळीत गूळ. डॉक्टरांनी बंद केल्यापासून मी तो डबा वरच्या फळीवर ठेवते, आणि मालक त्याच्याकडे असे बघतात की कुणाला वाटावं माहेरचं माणूस अडकून पडलंय.

आम्हा दोघींत एक गुपित आकडा ठरवायचा होता. तिने मला सांगितलं, तुमच्या मनातला सांगा, कानात. मी त्र्याहत्तर सांगितला. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो रजिस्टर नंबर आहे त्याचे ते शेवटचे दोन आकडे. तो दाखला मालकांच्या कपाटात, त्यांच्याच फाईलमध्ये, त्यांच्याच हाताने लावलेला आहे. चोराला फक्त कपाट उघडायचं होतं.

मी चिठ्ठीवर आकडा लिहायचा. सुनेने त्याला त्र्याहत्तरने गुणायचं आणि शेवटचे दोन आकडे परत पाठवायचे. मीही इकडे गुणायचं. अठ्ठेचाळीस लिहिले तर उत्तर शून्य चार. एकोणीस लिहिले तर सत्त्याऐंशी. खरं कूट याच्यापेक्षा फार बारीक असतं, सून म्हणाली, हा नुसता खेळ, हुशार माणूस दहा मिनिटांत ओळखेल. आम्हाला तो धोका नव्हता. मालक खिशातल्या छोट्या डायरीत सगळ्या चिठ्ठ्या उतरवून घेत होते. आधी त्यांनी वजाबाकी करून बघितली. मग माझी जन्मतारीख लावायचा प्रयत्न केला. ती चुकीची लावली.

चिठ्ठ्यांसाठी मी लग्नपत्रिका कापल्या होत्या. दर वर्षी पन्नासेक येतात. कागद कसा जाड, गुळगुळीत असतो, आणि मागची बाजू कोरी. टाकवत नाही. चौकोन कापून मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले. चिठ्ठी फिरून परत आली की तीही त्याच डब्यात टाकत होते. आकडा लिहिलेला आहे, स्वच्छ आहे, कागद चांगला आहे. पुन्हा कामाला येईल.

खेळाच्या चौथ्या दिवशी सून कॉलवर अडकली होती. मालक एकटेच स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "मी सूनबाई."

मला हसू आलं, पण सर्व्हर हसत नसतो. मी बिस्किटाच्या डब्यात हात घालून चिठ्ठी काढली. अठ्ठेचाळीस निघाले. त्यांनी डायरी उघडली, चष्मा वर केला, बोट फिरवलं.

"शून्य चार."

मी गुणाकार करून बघितला. बरोबर होतं. नियम म्हणजे नियम. मी शेंगापोळीचा डबा पुढे केला. त्यांनी एक शेंगापोळी उचलली आणि माझ्यासमोर उभं राहून, माझ्याकडे बघत, सगळी खाल्ली.

सून बाहेर आली तेव्हा ते मिशीवरचा गूळ पुसत होते. तिला वाटलं त्यांनी गुपित ओळखलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, पद्धत आहे एक. मग तिने मला विचारलं, आणि मी बिस्किटाचा डबा दाखवला.

"आई, तुम्ही चिठ्ठी परत वापरली?"

"टाकून कशाला द्यायची गं? आकडा चांगला हाय की."

ती आधी हसली. मग एकदम थांबली, माझ्या हातातल्या डब्याकडे बघत राहिली, आणि आतल्या खोलीत गेली. भाकरी थापून झाल्या तरी बाहेर आली नाही. मी ताट घेऊन आत गेले तर तिच्या कॉम्प्युटरवर साहेबांचा भाग उघडलेला. ज्याला हात लावायचा नव्हता तो.

"हात नाही लावला," ती म्हणाली. "नुसतं वाचलं."

साहेबांचा अनुभव असा होता. त्यांचा सर्व्हर सकाळी सुरू होताना एकदा आकडा काढायचा आणि दिवसभर येईल त्याला तोच विचारायचा. का, तर दर वेळी नवा काढायला वेळ लागतो. मशीनचा वेळ. म्हणजे एकदा कुणाचं उत्तर कानावर पडलं की दिवसभर कुणीही तेच उत्तर घेऊन यावं आणि शेंगापोळी खाऊन जावं. पासवर्ड माहीत असायची गरज नाही. मालक पण चालतील.

चूक माझी आणि साहेबांची एकच. पण मी पत्रिका वाचवत होते. एवढ्या चांगल्या कागदाचं मला वाईट वाटतं. त्यांना कशाचं वाईट वाटत होतं? ज्या मशीनला दम लागत नाही, तिला दम लागू नये म्हणून त्यांनी घराला कडीच लावली नाही, आणि वर पाटी लावली, हात लावू नका.

आता सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सहावा महिना लागला होता. पक्कं करायचं की नाही हे साहेबांच्याच हातात. दोन आठवड्यांनी तिने आपला भाग सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा होता, त्याच्यावर ठरणार होतं. तिचा भाग चोख होता. आपला भाग दाखवायचा, हो सर म्हणायचं आणि उठायचं, की झालं.

मालकांना तिने जेवताना सांगितलं. त्यांचं मत तयारच होतं, जसं नेहमी असतं. कचेरीत त्यांनी कधी साहेबाची चूक काढली नाही. "आधी आर्डर हातात पडू दे. मग बोल, न्हायतर नको बोलू. आपल्याला काय करायचंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग की तिला." मी मान हलवली. खोटं कशाला लिहू, मलाही तेच वाटलं होतं. गप बसून काही जात नाही, असं मी जन्मभर धरून चालले आहे. काय काय गेलं ते कधी मांडून बघितलं नाही.

त्या दुपारी मी लसूण सोलत बसले होते. सून शेजारी येऊन बसली, पाकळ्या घेतल्या, आणि म्हणाली की बोलले नाही तर नोकरी राहते, बोलले तर काय होईल माहीत नाही. तिचं चुकलं नव्हतं. तिला फक्त कुणीतरी दोन्हींतलं एक म्हणायला पाहिजे होतं.

मला जेऊरची शाळा आठवली. दर वर्षी शाळा तपासायला एक साहेब यायचे. दर वर्षी वर्गाला एकच प्रश्न विचारायचे, आपल्या भागातून कोणती नदी वाहते. गुरुजी आठवडाभर आधी आमच्याकडून ते घोकून घ्यायचे. साहेब विचारायचे, आम्ही एका सुरात 'भीमा' म्हणायचो, साहेब शाबास म्हणून चहाला जायचे. मी चौथीत असताना दुसरे साहेब आले. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, ही नदी कुठून येते? मला येत होतं. भीमाशंकर. पुस्तकात होतं, मी वाचलं होतं. पण सगळे डोळे माझ्यावर होते आणि तोंड उघडेना. मागून सगळ्या वर्गाने सवयीने ओरडून सांगितलं, 'भीमा'. साहेबांनी नीट ऐकलंही नसेल. शाबास म्हणाले आणि चहाला गेले. ज्यांनी जुनं उत्तर दिलं ते सगळे पास झाले. ज्या एकीला नव्या प्रश्नाचं उत्तर येत होतं तिच्या वडिलांना गुरुजींनी सांगितलं की पोरीला डोकं नाही. वडील म्हणाले, घर हाय की.

हे सगळं मी सुनेला सांगितलं नाही. एवढं लांब बोलायची मला सवय नाही. मी एवढंच म्हटलं, "बोल पोरी. उत्तर येतंय तर बोल. मी बोलले न्हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. पाकळ्या सोलून दिल्या आणि गेली.

दाखवायच्या दिवशी तिने खोलीचं दार उघडं ठेवलं. मी दारातच, कॉलवरच्यांना दिसणार नाही अशी, हातात निवडायचं ताट घेऊन उभी राहिले. ताटात तांदूळ होते. त्यातला एकही खडा मी त्या दिवशी काढला नाही. तिचा आवाज नीट होता, पण खुर्चीखाली एक पाय दुसऱ्या पायावर दाबून धरला होता.

कॉलवर साहेब होते, आणखी तीन-चार माणसं होती, आणि साहेबांच्या वरचे एक होते, ते काही बोलत नव्हते. तिने आपला भाग चालवून दाखवला. सगळं चाललं. साहेब म्हणाले, बेसिकली गुड, आणि आता थांबू या असं काहीतरी.

"सर, दोन मिनिटं," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी आपल्या टेस्ट सर्व्हरवर लॉगिन केलं होतं ना?"

"हो. मग?"

"तिथे सगळ्यांचं येणंजाणं टेस्टसाठी नोंदलं जातं. तुमचं सकाळचं उत्तर मी तिथून घेतलंय. तुमचा पासवर्ड मला माहीत नाही. नुसतं ते उत्तर मी आता पाठवते."

तिने एक बटण दाबलं. पडद्यावर साहेबांचं नाव आलं आणि त्याच्यापुढे स्वागताचं वाक्य. साहेबांच्या सर्व्हरने साहेबांना आत घेतलं, आणि साहेब तर बाहेरच बसले होते.

मग साहेब म्हणाले, "पण मी आत्ता लॉगिन केलेलंच नाहीये."

"हो सर," ती म्हणाली. "तेच."

कुणीतरी हसलं आणि चटकन आवाज बंद केला. मला वाटतं ते वरचे होते, कारण त्यानंतर साहेब फारच सावकाश बोलायला लागले. हा नुसता टेस्ट सर्व्हर आहे. वेगासाठी असं ठेवलं आहे. पुढे बदलायचंच होतं. ती म्हणाली, सर, लायब्ररी बाहेर गेली की लोक हाच भाग जसाच्या तसा उचलतील. साहेब म्हणाले, यावर आपण वेगळं बोलू. कॉल संपला.

तिने खुर्चीखालचे पाय सोडवले. मी ताट खाली ठेवलं. मी जाऊन चहा टाकला.

नंतर नऊ दिवस कंपनीकडून अवाक्षर नाही. चारचा कॉल व्हायचा, पण साहेब दुसऱ्यांशी बोलायचे. मालक रोज जेवताना म्हणायचे, मी सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतं हे खरंच आहे. ते इतकं सांगतात की त्यातलं काही ना काही खरं व्हायच्या बेताला येतंच. सातव्या दिवशी तर त्यांनी सुनेला विचारलंसुद्धा की आता घरी असशील तर चार वाजता भजी करता येतील का. तिने "बघू बाबा" म्हटलं. मी त्यांच्या ताटात कारल्याची भाजी आणखी एक डाव वाढली. डॉक्टरांनीच सांगितली आहे.

दहाव्या दिवशी साहेबांची मेल आली, सगळ्यांना. सुनेने मला वाचून दाखवली. तपासणी करताना साहेबांच्या असं लक्षात आलं होतं की आकडा दर वेळी नवा असावा, एकदा वापरलेला पुन्हा चालू नये, आणि थोडा वेळ गेला की शिळा समजून टाकून द्यावा. साहेबांच्या लक्षात आलं होतं. हे बदल करायचं काम त्यांनी सुनेकडे दिलं होतं. अनुभवाला आता हात लावायची परवानगी होती.

सून मेल वाचता वाचता हसत होती. मला राग आला होता. ती म्हणाली, आई, असू दे, दार तरी बंद झालं. तिने दीड दिवसात ते काम करून टाकलं. आणि त्याच आठवड्यात वरच्या माणसांकडून पत्र आलं की नोकरी पक्की, आणि ओळख पटवायचा सगळा भाग, विचारणारा आणि उत्तर देणारा दोन्ही, इथून पुढे तीच सांभाळणार. त्या पत्रात 'बेसिकली' कुठेच नव्हतं.

मालकांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घडी करून आपल्या फाईलमध्ये लावलं, माझ्या दाखल्याच्या मागे. मग खाली उतरले. संध्याकाळी दूध घेऊन मी कट्ट्यामागून येत होते तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला. पुण्याच्या कंपनीत मोठी चूक होती, कुणाला सापडत नव्हती, शेवटी त्यांनी सापडवून दिली. चोर होऊन. कट्ट्यावरचे "व्हय का" म्हणत होते. म्हणजे पुण्यात साहेबांनी शोधली आणि सोलापुरात मालकांनी. चूक एकच, आणि ती शोधणारी माणसं दोन. जिने खरंच शोधली ती वर बसून पुढचं काम करत होती. जिच्या डब्यातून ती निघाली ती दूध घेऊन जिना चढत होती.

मी वर आले, कडी लावली, दूध तापत ठेवलं. बिस्किटाचा डबा काढला. वापरलेल्या चिठ्ठ्या सगळ्या फाडून टाकल्या. एवढा चांगला कागद, फाडताना जिवावर आलं. राहिलेल्या कोऱ्या चौकोनांवर नवे आकडे लिहिले.

थोड्या वेळाने बेल वाजली. सून आत कॉलवर होती. मी दाराशी गेले.

"कोण?"

"मी."

माझा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला. मी ओट्याकडे गेले, डब्यातली वरची चिठ्ठी घेतली आणि परत दाराशी आले.

"बासष्ट," मी म्हटलं.

बेल पुन्हा वाजली. मग ते म्हणाले, "अगं मी हाय की."

"बासष्ट."

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. शेजारच्यांचं दार उघडलं, आणि मालकांनी त्यांना घाईघाईने काही नाही, काही नाही असं सांगितलेलं मला ऐकू आलं. मग घसा साफ करून, कट्ट्यावर बोलतात त्याच आवाजात, त्यांनी उत्तर दिलं.

"शून्य चार."

"ते मागचं हाय," मी म्हटलं, आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायला गेले.